वाचनालयाच्या पानावरच्या लिंका

प्रेषक: ग्रंथालय समिती
मंडळी, नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातल्या वाचनालयांसाठी आपण जे पान चालवतो, त्यावर फुकट पीडीएफ आणि झाडीपट्टी नाटकांच्या व्हिडिओंच्या चौदा लिंका सुचवल्या गेल्यात. फाइल आपल्या सर्व्हरवर नाही, नुसती लिंक आहे. मग लावायला हरकत नाही ना?

प्रेषक: कायदा सल्ला
ताई, हरकत आहे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून वाट दाखवली, तर कॉपीराइट कायद्याचं कलम 63 लागू शकतं, कारण त्यात जाणूनबुजून साथ देणाराही येतो. कैद 6 महिने ते 3 वर्षं, दंड 50 हजार ते 2 लाख. नफा नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा दखलपात्र आहे (म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं.

लिंक देणाऱ्याला कलम 52 मध्ये थोडं संरक्षण आहे: लेखी तक्रार आली की 36 तासांत लिंक बंद करायची, 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर परत सुरू करता येते. पण ते अजाणतेपणी लावणाऱ्याला. आता या लिस्टवर चर्चा झाली. 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरली नाही.

आपला सर्व्हर अमेरिकेत. तिथल्या कायद्यातली अशीच संरक्षणाची सवलत हवी तर तक्रार घेणाऱ्या एजंटची नोंद तिथल्या कॉपीराइट ऑफिसात लागते. 6 डॉलर, दर 3 वर्षांनी नूतनीकरण. कार्यकारिणी बदलते, नोंद तशीच राहते, मुदत टळली की सवलत जाते. ते आधी बघा.

प्रेषक: वेबसाइट
पुस्तकांचं असं. लेखक गेल्यावर पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं हक्क राहतो. नाटककार राम गणेश गडकरी 1919 मध्ये सावनेरला वारले, त्यांचा भारतातला हक्क केव्हाच संपला; मात्र नव्या आवृत्तीतल्या प्रस्तावनेचा, टिपांचा वेगळा असतो. तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले, म्हणजे ग्रामगीतेची कुठलीही पीडीएफ 31 डिसेंबर 2028 पर्यंत परवानगीशिवाय नको.

नाटकांच्या लिंकेत व्हिडिओ कुणी चढवला ते पाहा. वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपन्यांची कमाई दिवाळीनंतरच्या हंगामातली. मोबाइलवर चोरून घेतलेलं चित्रण आपण पसरवलं तर त्यांच्याच पोटावर पाय. कंपनीचं स्वतःचं चॅनल असेल तरच लिंक, नाहीतर फोन करून लेखी होकार मागवा.

लिंक उघडल्यावर पत्ता दोनदा बदलला, किंवा 'प्लेअर' म्हणून एपीके (ॲप बसवायची फाइल) उतरवायला सांगितलं, की ती बाद. गावात ओटीपी येणारा फोन आणि नाटक पाहायचा फोन एकच असतो; असं ॲप बसलं तर ओटीपीही चोरीला जाऊ शकतो.

चौदाही लिंका थांबवल्या आहेत. होकार येईल तशी एकेक लावतो.