ॲमेझॉनकाठची शहरे कमी खर्चात: इकितोस ते बेलें या जलप्रवासाबद्दल सल्ला हवा आहे

प्रश्न

पुढच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीपासून सहा आठवडे मी आणि माझी धाकटी बहीण दक्षिण अमेरिकेत जाण्याचे ठरवत आहोत. आम्ही कृष्णेच्या काठी वाढलो, त्यामुळे असेल, पण डोंगर आणि प्राचीन अवशेष यांपेक्षा नदीवर जगणारी शहरे पाहण्याची ओढ आम्हाला अधिक आहे. पेरूमधील इकितोस, ब्राझीलमधील मानाउस आणि नदीच्या मुखाजवळचे बेलें ही तीन नावे मनात पक्की आहेत. विमानाने एकेक शहर गाठणे आम्हाला परवडणारे नाही, आणि आयोजित सहलीही नकोत. हा संपूर्ण प्रवास सामान्य प्रवासी बोटींनी करता येतो का, तो कोणत्या दिशेने करावा, आणि आम्ही दोघी शाकाहारी असल्याने खाण्याचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी हा प्रवास प्रवाहाबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे केला आहे, आणि तुम्हालाही तीच दिशा सुचवेन. ब्राझीलच्या सीमेवरच्या ताबाचिंगाहून मानाउसपर्यंत खाली येण्यास बोटीला सुमारे चार दिवस लागतात; उलट दिशेने हाच प्रवास सहा ते सात दिवसांचा होतो. भाड्यात झोपण्याची जागा येतेच आणि या टप्प्यावर बहुधा जेवणही येते, त्यामुळे बोटीवरचा प्रत्येक दिवस म्हणजे लॉजच्या भाड्याची बचत आहे. कमी पैशांत हिंडणाऱ्याचे सारे गणित यावरच बसते.

लिमाहून बसने तारापोतो, तेथून सुमारे तीन तासांवर युरिमाग्वास, आणि तेथून मालवाहू बोटीने दोन-तीन दिवसांत इकितोस, अशी सुरुवात करावी. इकितोसला बाहेरून येणारा रस्ताच नाही. जे काही येते ते नदीने किंवा विमानाने येते. रबराच्या भरभराटीच्या काळात व्यापाऱ्यांनी बांधलेल्या, नक्षीदार टाइल्सनी मढवलेल्या हवेल्या नदीसमोर अजून उभ्या आहेत आणि त्या पाहायला पैसे लागत नाहीत. इकितोसमधीलच बेलेन (ब्राझीलचे बेलें वेगळे) या वस्तीतील घरे खांबांवर किंवा तरंगत्या ओंडक्यांवर उभी आहेत. तिथला बाजार सकाळीच पाहावा, कारण दुपारनंतर त्या गल्ल्यांत फिरणे सुरक्षित नाही.

पुढे पेरूचे सांता रोसा, कोलंबियाचे लेटिसिया आणि ब्राझीलचे ताबाचिंगा ही तीन देशांची गावे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. लेटिसियातून ताबाचिंगात रस्त्याने चालत जाता येते आणि वाटेत कुणी अडवत नाही. म्हणूनच येथे चूक होते. पेरूतून निघाल्याचा शिक्का सांता रोसामध्ये आणि ब्राझीलमध्ये प्रवेशाचा शिक्का ताबाचिंगाच्या पोलीस कचेरीत स्वतः जाऊन घ्यावा लागतो. माझ्याबरोबरच्या एका प्रवाशाने तो घेतला नव्हता. बोट सुटण्यापूर्वीच्या तपासणीत हे उघडकीस आले आणि त्याला सामानासह उतरावे लागले. पुढची बोट त्याला तीन दिवसांनी मिळाली.

बोटीवर खाट नसते. प्रत्येकाने आपला हॅमॉक, म्हणजे टांगून झोपण्याची झोळी, आणायचा असतो, ब्राझीलमध्ये त्याला ‘हेजी’ म्हणतात. तो बाजारातच घ्यावा आणि बांधायला दोन जाड दोऱ्या वेगळ्या मागून घ्याव्यात, कारण त्या सोबत मिळतीलच असे नाही. सुटण्याच्या वेळेच्या बरेच तास आधी जाऊन वरच्या मजल्यावर, इंजिन व शौचालय यांपासून लांब जागा धरावी. रात्री वाऱ्याने चांगलाच गारठा पडतो, तेव्हा पातळ चादर हवीच. पेरूच्या बोटींवर ताट-चमचाही आपलाच न्यावा लागतो.

प्रतिसाद २

वरील माहितीत एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. खाली जाणारी बोट वेगासाठी नदीच्या मध्यावरून चालते, आणि ॲमेझॉन इतकी रुंद आहे की दोन्ही काठ हिरव्या रेघांसारखे दिसतात. वर जाणारी बोट प्रवाहाचा जोर टाळण्यासाठी काठाला धरून जाते, त्यामुळे घरे, होड्या, शाळेतून परतणारी मुले असे सगळे जवळून दिसते. तुमच्याकडे सहा आठवडेच आहेत, म्हणून खालीच या. मात्र एखादा छोटा टप्पा तरी उलट दिशेने करावा असे मनापासून वाटते.

प्रतिसाद ३

पीतज्वराच्या लशीचा उल्लेख कुणी केला नाही, म्हणून लिहितो. ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठराविक केंद्रांतच मिळते, तेथे आधी वेळ घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. या देशांतून भारतात परत येतानाही ते दाखवावे लागते. नसल्यास विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोला.

प्रतिसाद ४

शाकाहाराबद्दल स्पष्ट सांगते: बोटीवर भात, घेवड्यासारखी उसळ आणि कसावा या कंदाचे भाजलेले जाडे पीठ, म्हणजे ‘फारिन्या’, इतकेच हमखास मिळेल, आणि उसळीतही बऱ्याचदा मांसाचा तुकडा असतो. शेंगदाणे, केळी, चीज आणि पाव बरोबर ठेवावेत. शहरांत मात्र ‘तापिओका’ नावाचा पांढरा घावन रस्तोरस्ती मिळतो, नारळ किंवा चीज घालून. ज्या कंदाचा आपल्याकडे साबुदाणा करतात त्याच्याच स्टार्चचा तो बनवतात. मला तो उपवासाच्या पदार्थांची आठवण करून देणारा आणि अतिशय आपला वाटला. ‘ताकाका’ हे आंबट, गरम पेय सर्वत्र दिसेल, पण त्यात सुकी कोळंबी असते. पोर्तुगीज येत नसले तरी चावी, बादली, पाव, काजू हे शब्द तेथे ओळखीचे निघतात. काजू तर झाड आणि नाव दोन्हींनिशी ब्राझीलचाच.

प्रश्नकर्तीचा प्रतिप्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. दिशा ठरली. मानाउसला दोन नद्यांचा संगम दाखवणाऱ्या सहलींचे दर आम्हाला जड वाटतात. त्याशिवाय काही मार्ग आहे का? आणि मानाउसपासून बेलेंपर्यंत मध्ये कुठे थांबावे?

प्रतिसाद १

सहलीची मुळीच गरज नाही. मानाउस हे काळ्या पाण्याच्या रिओ नेग्रो नदीवर आहे आणि तुमची बोट सोलिमोंइसवरून (मानाउसच्या वरच्या ॲमेझॉनचे ब्राझीलमधील नाव) येणार, म्हणजे बंदराला लागण्यापूर्वी ती संगमावरूनच वळते. काळे आणि गढूळ पाणी काही किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहताना दिसते. ती वेळ रात्रीची आली तर शहराच्या सेआझा धक्क्यावरून पलीकडच्या कारेरो गावाकडे जाणाऱ्या सामान्य तरीने ते पाहता येते. १८९६ साली उघडलेले ॲमेझॉन नाट्यगृह आणि त्यासमोरचा काळ्या-पांढऱ्या लाटांच्या फरसबंदीचा चौक यांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवा.

मध्ये सांतारेंला नक्की उतरा. मानाउसहून साधारण दीड दिवसाचा प्रवास आहे. तेथून शहरी बसने आल्तेर दो शाँव या गावी जाता येते. पाणी ओसरू लागले की तापाझोस नदीत पांढऱ्या वाळूचे किनारे वर येतात आणि ऑगस्टमध्ये त्यांची सुरुवात तुम्हाला सापडेल. ऑक्टोबरपर्यंत थांबू नका: २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मानाउसला पाण्याची पातळी लागोपाठ विक्रमी खाली गेली आणि बोटींचे हाल झाले.

बेलेंमध्ये वेर-ओ-पेझो हा बाजार पहाटे पाहावा, जेव्हा बेटांवरून असाई या ताडवर्गीय झाडाच्या फळांच्या टोपल्या उतरतात. तेथील रस्त्यांवर दुतर्फा आंब्याची जुनी झाडे आहेत. आपल्याकडचे हे झाड पोर्तुगिजांमार्फत तेथे पोहोचले, आणि दुपारच्या पावसात त्याखाली उभे राहणे हा मला त्या शहरातला सर्वांत आवडलेला भाग होता. मानाउसच्या पुढच्या बोटींवर जेवण बहुधा वेगळे विकत घ्यावे लागते, म्हणून लहान नोटा जवळ ठेवा. तिकीट धक्क्यावरच्या दलालाकडून न घेता बंदरातील खिडकीवरच घ्या, आणि रात्री उशिरा बोट लागली तर उजाडेपर्यंत बोटीवरच झोपू देतात का ते विचारा. आम्हाला दोनदा झोपू दिले होते.