बार्टलला दोष देण्याआधी त्याचा खेळ काय होता ते पाहा

धंतोलीकर :
परवा या चर्चामंचावर 'त्रस्त बाप, प्रतापनगर' यांनी लिहिले की मुलांना पडद्याला चिकटवून ठेवण्याची विद्या रिचर्ड बार्टल या इंग्रजाने शोधली, खेळाडूंचे चार प्रकार पाडून त्यानेच कंपन्यांच्या हाती जाळे दिले, आणि केंद्राने २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणलेली बंदी ही या मंडळींच्या पापाची उशिरा झालेली शिक्षा आहे. दोन दिवस गप्प राहून पाहिले, राहवले नाही.

१९७८ च्या अखेरीस इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठातील रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तेथील पीडीपी-१० संगणकावर 'मड' हा अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ रचायला घेतला, १९८० मध्ये तो विद्यापीठातून बाहेर पडला आणि तेथेच शिकणाऱ्या बार्टलने ते काम पुरे केले. त्यात चित्र नव्हते, आवाज नव्हता. कुठे जायचे, काय उचलायचे ते टंकायचे आणि समोर उमटलेले वर्णन वाचायचे, एवढाच तो खेळ. पण त्याच भूमीत त्याच क्षणी दुसरी खरी माणसे वावरत असत, आणि नवलाई होती ती हीच. गुण साठवत साठवत 'विझर्ड' झालात की जिंकण्यासारखे काही उरत नसे. उरत असे ती इतरांचा खेळ नीट चालतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी. ज्याला गिऱ्हाईक जन्मभर अडकवायचे आहे तो खेळाला शेवट कशाला ठेवील? तो शेवट महिन्याच्या वर्गणीवर जगणाऱ्यांनी पुढे काढून टाकला. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या ब्रिटिश समाजाचा राग असलेल्या दोन साध्या घरांतल्या मुलांनी, जेथे फक्त करून दाखवलेले मोजले जाईल असे जग मुद्दाम उभे केले, हे बार्टलने स्वतः अनेकदा सांगितले आहे.

त्रस्त बाप, प्रतापनगर :
आपले लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु माझ्या घरचे बिल आपण भरत नाही. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात तीन विषयांत राहिला, आणि त्याच्या आईच्या खात्यातून अकरा हजार रुपये कसल्याशा आभासी तलवारींवर गेले. तलवार घेणे म्हणजे पैसे लावणे नव्हे, म्हणून ती कायद्याच्या बंदीत बसत नाही, हे मला वकिलाने समजावले. जणू त्याने माझे समाधान होणार होते. शिवाय आपण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली. त्या काळी इंग्लंडमध्ये दूरध्वनीचा आकार मिनिटांवर होता, तरीही बाहेरचे लोक मोडेम लावून, विद्यापीठाचा संगणक रिकामा असेल त्या अपरात्री जागून खेळत. हे व्यसन नव्हे तर काय काकडआरती होती? सावकार व्याज घेतो हे खरे, पण त्याला वही आखून कोणी दिली?

जुना मोडेम, रामदासपेठ :
दोघेही 'बार्टल, बार्टल' करत आहात, म्हणून विचारतो : ट्रबशॉचे काय? पहिली ओळ त्याची, कल्पना त्याची, नावही त्यानेच दिलेले. आणि आज जगभर 'बार्टलचा मड'. याला माझ्याकडे कारण आहे. १९९४ साली नागपुरातील एका कार्यालयात पगारपत्रकाची संपूर्ण प्रणाली मी फॉक्सप्रोमध्ये लिहिली. बदली झाली म्हणून शेवटचे दोन अहवाल एका सहकाऱ्याने जोडले, आणि वर्धापनदिनी शाल व श्रीफळ त्यांना मिळाले. मला त्या नारळाचा तुकडाही मिळाला नाही.

धंतोलीकर :
काका, आपल्या नारळाबद्दल सहानुभूती आहे, पण उदाहरण चुकीचे निवडलेत. बार्टलने दोन अहवाल जोडले नाहीत. खेळात जे दिसते आणि घडते त्यातले बरेचसे त्याने भरले, आणि श्रेय देताना तो ट्रबशॉचे नाव कधीही टाळत नाही. आपल्या सहकाऱ्यांनी ते केले असते, तर आपण आज येथे एवढे लिहिले असते काय?

जुना मोडेम, रामदासपेठ :
श्रेय देतो, हे मान्य. पण देणारा बार्टल आणि घेणारा ट्रबशॉ, हीच तर माझी तक्रार आहे! मूळ मालकाला आपल्याच घरात पाहुण्यासारखे बोलावले जाते. १९८७ साली 'मड' खेळून प्रभावित झालेल्या अ‍ॅलन कॉक्सने वेल्समध्ये 'अ‍ॅबरमड' लिहिला, १९९१ मध्ये कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' केला, त्याचा वारसा १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट' या ऑनलाइन खेळापर्यंत पोचला; या साऱ्या वंशावळीचा मूळपुरुष कोण, असे विचारले तर दहांतले नऊ जण एकच नाव सांगतील.

त्रस्त बाप, प्रतापनगर :
माझ्या अकरा हजारांचा विषय नारळावर कसा गेला, हे कोणी सांगेल काय?

सदरची शिक्षिका :
मी सांगते. आपण तिघेही 'बनवले कोणी' यावर भांडत आहात आणि ते चार प्रकार मुळात कोणीच वाचलेले दिसत नाहीत. बार्टलचा १९९६ चा लेख निघाला तो 'मड'च्या पुढच्या आवृत्तीतील विझर्डांमध्ये १९८९-९० मध्ये झालेल्या वादातून : लोकांना या खेळातून हवे तरी काय? म्हणजे अशाच एखाद्या धाग्यातून, फक्त तेथे शाल आणि श्रीफळ नव्हते. उत्तरादाखल त्याने खेळाडूंना पत्त्यांचे रंग वाटले : गुण जमवणारे ते चौकट, कानाकोपरा धुंडाळणारे ते इस्पिक, गप्पांसाठी येणारे ते बदाम आणि दुसऱ्यावर तुटून पडण्यात सुख मानणारे ते किलवर. मोलाची गोष्ट त्या पत्त्यांच्या पुढे आहे : किलवर वाढले की बदाम निघून जातात. हे मी भोगले आहे. पाच वर्षांपूर्वी एका खेळात मुलीचे नाव लावून शिरले. पहिल्या दहा मिनिटांत जे ऐकले ते येथे लिहिता येणार नाही, आणि महिन्याभरात मी व माझ्या दोन मैत्रिणी बाहेर पडलो. बार्टलचा लेख म्हणजे जाळे नव्हे, चालकाला दिलेली ताकीद आहे. ती कंपन्यांनी वाचली नाही, हा त्याचा दोष कसा?

धंतोलीकर :
ताई, नेमके हेच मला म्हणायचे होते.

सदरची शिक्षिका :
नाही, हे आपण म्हटले नव्हते. आपण त्याची आरती ओवाळत होता. त्या प्रकारांतही भोके आहेत. निक यी या संशोधकाने २००६ मध्ये हजारो खेळाडूंच्या उत्तरांवरून दाखवले की गुणांची ओढ आणि गप्पांची ओढ एकाच माणसात एकत्र नांदते. पत्त्यांसारखी एकेकाची रंगवार वाटणी होत नाही. आणि आपण कोणत्या प्रकारचे खेळाडू हे सांगणारी जी 'बार्टल चाचणी' लोक मिरवतात ती त्याची नव्हेच. प्रश्नावली दुसऱ्यांनी केली, नाव याचे लागले.

जुना मोडेम, रामदासपेठ :
पाहा! पुन्हा तेच. काम दुसऱ्याचे, नाव याचे.

त्रस्त बाप, प्रतापनगर :
ठीक आहे. बार्टलने तलवारी विकल्या नाहीत, एवढे मान्य करतो. जाळे विणणारा वेगळा आणि टाकणारा वेगळा, हेही घटकाभर धरून चालू. बाईंचे वाचून मुलाला विचारले की तू यांतला कोणता. तो म्हणाला, 'बदाम', कारण पुण्यातल्या मित्रांशी बोलायला तेवढीच जागा आहे. अकरा हजार रुपये गप्पांचे झाले म्हणायचे! त्यापेक्षा शिवशाहीने पुण्याला जाऊन आला असता आणि वर पैसेही उरले असते.

जुना मोडेम, रामदासपेठ :
धंतोलीकर, निदान या धाग्याच्या शीर्षकात ट्रबशॉचे नाव घालावे, ही नम्र विनंती.

धंतोलीकर :
शीर्षक एकदा टाकले की बदलता येत नाही, काका.

जुना मोडेम, रामदासपेठ :
मलाही त्या कार्यालयात अगदी हेच सांगण्यात आले होते.