मदत हवी आहे: 'टेक द बुल बाय द हॉर्न्स'साठी मराठीत काय लिहू?

काटोल-नरखेडकडच्या संत्रा उत्पादकांसाठी इंग्रजी पुस्तिका मराठीत करतोय. नागपुरात बसून दोन दिवस एकाच वाक्यावर अडलोय. डिंक्या रोगानं झाडं वाळत होती, शेतकऱ्यांचा गट तीन वर्षं नुसता चर्चा करत राहिला, शेवटी एका हंगामात सगळी रोगट झाडं उपटून टाकली. त्यावर मूळ वाक्य आहे, 'दे टुक द बुल बाय द हॉर्न्स', म्हणजे संकटाला थेट समोरून भिडले.

'बैलाला शिंगांनी धरलं' असं शब्दशः लिहिता येत नाही. पुस्तिका पोळ्याच्या आठवड्यात वाटायची आहे. त्या दिवशी शिंगं रंगवून, बेगड लावून बैलाची पूजा होते, दुसऱ्या दिवशी पोरं तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल मिरवतात. तिथं बैल हे संकट कसं दाखवू? 'शिंगावर घेतलं' म्हणावं, तर कुणाशी तरी भांडण काढल्यासारखं वाटतं.

'कंबर कसली' लिहून पाहिलं, पण ती नुसती तयारी झाली. 'एक घाव दोन तुकडे' जवळ जातं, पण त्यात संबंध तोडल्याचा वास येतो, शिवाय इथे खरोखरच झाडं तोडलीत, त्यामुळे उगाच कोटी होते. 'धाडसी निर्णय घेतला' हे सरकारी पत्रकासारखं. 'सोक्षमोक्ष लावला' सध्या ठेवलंय, पण त्यात शेवट दिसतो, समोरून भिडणं दिसत नाही.

हेच मथळ्यातही जाणार, म्हणून चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नको. हिंदी म्हणही नको. टाळत आलेल्या कामाला एकदाचं थेट हात घातला, हे वऱ्हाडी शेतकरी रोजच्या बोलण्यात कसं म्हणेल?