आई, आजी, माय : नाशिकच्या घरांतल्या आठवणी

आईची दशक्रिया रामकुंडावर झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "फार प्रेमळ होत्या हो." होतीच. पण नुसतं प्रेमळ म्हटलं की मला ती दिसत नाही. मला ती दिसते गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात, मेथीची जुडी उलटी धरून देठं बघताना. भावात घासाघीस करण्यात तिचा हात कुणी धरला नसता, पण पेठ तालुक्याकडून रानभाज्या घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांशी तिनं कधी भाव केला नाही. "पहिल्या एसटीनं आलीये ती, उपाशी असेल," म्हणायची आणि पिशवीतून दशम्या काढून द्यायची.

म्हणून हा धागा. आपापल्या आईबद्दल, आजीबद्दल लिहा. ती किती चांगली होती हे लिहू नका, ते आम्ही धरूनच चाललोय. ती काय करायची, कसं करायची, काय बोलायची ते लिहा. नावं नकोत.

भांडीबाजारातून

आमचा वाडा गंगेच्या इतका जवळ की गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली, की आजीचा एकच प्रश्न असायचा : "दुतोंड्या कुठवर बुडाला?" दुतोंड्या म्हणजे नदीपात्रातला मारुती. त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं की खालच्या खोलीतलं धान्य वर. कमरेला लागलं की जातं सोडून सगळं माडीवर. त्याच्याही वर चढलं की शेजारची पोरंबाळं आमच्याकडे आणि चुलीवर पिठल्याचं मोठं पातेलं. 1969 चा महापूर तिनं ऐन उमेदीत पाहिलेला, त्यामुळे पुराच्या बाबतीत घरात तिचाच शब्द चालायचा.

2008 च्या सप्टेंबरात पाणी चढलं तेव्हा ती पार थकली होती. आम्ही तिला खुर्चीसकट उचलायला गेलो, तर म्हणाली, "आधी ते शिवणयंत्र न्या." यंत्र आमचं नव्हतंच, खालच्या भाडेकरणीचं होतं. तिचं घर त्याच्यावर चालायचं. यंत्र वर पोचल्याचं स्वतः ऐकल्यावरच आजी उठली.

निफाड तालुक्यातून

सातबारावर नाव वडिलांचं, पण बाग ओळखायची ती आई. ऑक्टोबर छाटणी झाली, घड सुटले, की विरळणीला बायका यायच्या आणि आई प्रत्येक नवीन पोरीला स्वतः शिकवायची. घड डाव्या हातात नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. कात्रीचं टोक आत घालून बारीक मणी काढायचे, राहणाऱ्या मण्याला टोक लागता कामा नये. "मण्याला फुगायला जागा ठेव," एवढं म्हणून ती पुढच्या ओळीत जायची, आणि संध्याकाळी कुठल्या ओळीला कुणाचा हात लागलाय हे घड बघून सांगायची. मी शेतकीचं शिक्षण घेतलं, मला आजही ते सांगता येत नाही.

आमच्याकडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पारा चार-पाच अंशांवर आला की मणी तडकायची भीती. अशा पहाटे ती आम्हा भावंडांना उठवून बागेत न्यायची, बांधावर शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेत पसरेल अशा. वडील मोटर चालू करून पाणी द्यायचे. भीतीचीच रात्र असायची ती, पण धुराच्या वासात ती आम्हाला चहा आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा द्यायची आणि आम्हाला वाटायचं जत्राच आहे.

एका वर्षी व्यापारी माल घेऊन गेला तो पैसे न देताच. तिनं पाटल्या मोडल्या आणि मजुरांची आठवड्याची मजुरी एक दिवसही पुढं ढकलली नाही. पुढच्या हंगामात गाडी बांधाला लागली तेव्हा वडील संकोचून गप्प उभे होते. आईच पुढं झाली. "आधी पैसे मोजा, मग क्रेट उचला." तेव्हापासून आमच्या बागेत तोच नियम आहे. आता माझी बायको तसंच म्हणते, त्याच आवाजात.

येवल्याहून

आजीचे वडील काळाराम मंदिर सत्याग्रहात होते. 2 मार्च 1930 ला सुरू झालेला तो लढा 1935 पर्यंत चालला, आणि त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या सभेला आपण वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो होतो, असं आजी सांगायची. दरवर्षी त्या तारखेला पांढरं पातळ नेसून मुक्तिभूमीवर, त्या सभेच्या जागी, जायची. तिला शाळा मिळाली नाही. रोज कुणाकडून तरी पेपर वाचून घ्यायची, आणि वाचणारा अडखळला तर "पुन्हा वाच" म्हणायची.

मी वकील झाले. काळा कोट तिच्या हातात दिला. तिनं तो उलटून आतली शिवण बघितली, एक बटण सैल होतं ते दोऱ्यानं घट्ट केलं, मग म्हणाली, "आता घाल." सगळ्या मोठ्या खटल्यांना मी तोच कोट घालते.

नाशिकरोडहून

आई करन्सी नोट प्रेसमध्ये होती. दिवसभर कोऱ्या नोटा डोळ्यांखालून जायच्या, बाहेर पडताना झडती. घरी मात्र पगाराची पाकिटं करायची : दूध, किराणा, माझी फी, मामाचं औषध. मामाचं पाकीट कधी रिकामं राहिलं नाही.

देवळाली कॅम्पातून

मला मोठं लिहिता येत नाही. आजी रोज रात्री दाराची कडी लावण्याआधी सगळे आले का ते चपला मोजून बघायची. एवढंच.

सिडकोतून

आमची माय खान्देशातली, नाशकात आली ती कंपनीतल्या माणसाशी लग्न करून. फ्लॅटमध्ये चूल नाही म्हणून तिनं गच्चीवर तीन दगड मांडले आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यावर खापर उपडं ठेवून मांडे केले. पुरण भरलेला गोळा लाटून हाताएवढा झाला की ती तो दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत न्यायची, इतका पातळ की पलीकडचा हात दिसावा, आणि एका झटक्यात खापरावर टाकायची. अख्ख्या बिल्डिंगची पोरं गच्चीवर. "आधी जेवी ल्या, मंग खेळा," असं सगळ्यांना अहिराणीत. मराठी, गुजराती, मल्याळी, सगळी पोरं ते समजायची.

भांडीबाजारातून

सिडकोवाल्या ताई, खापर अजून आहे का हो? आजीच्या माघारी आमच्याकडे मांडे झालेच नाहीत. तिचंही माहेर खान्देशातलंच.

सिडकोतून

खापर आहे, कापडात गुंडाळून माळ्यावर. मला अजून मांडा कोपरापर्यंत नेता येत नाही, मनगटाशीच फाटतो, पण माझी मावशी येते आखाजीला, तिचा हात मायसारखाच आहे. दादा, वहिनींना घेऊन सकाळी लवकर या. येताना हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणा, पुरण आपण इथंच शिजवू. निफाडच्या भाऊंनाही सांगते, बागेतलं काम उरकलं असेल तर त्यांनीही यावं.