मदत हवी आहे: ग्रिडचे व्होल्टेज कोसळताना डीएफआयजी (डबली फेड इंडक्शन जनरेटर) पवनजनित्राचा रोटरकडील कन्व्हर्टर कसा सांभाळावा?

नमस्कार.

आमच्या प्रयोगशाळेत स्लिप रिंग असलेले ७.५ किलोवॅटचे, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, चार पोलचे इंडक्शन जनरेटर असून पवनचक्कीच्या पात्यांऐवजी डीसी मोटर ते फिरवते. स्टेटर थेट ग्रिडला जोडलेला आहे, तर रोटर दोन कन्व्हर्टर आणि त्यांच्यामधील डीसी लिंकमार्फत जोडलेला आहे. मिनिटाला १२०० ते १८०० फेऱ्यांच्या पट्ट्यात, म्हणजे १५०० या सिंक्रोनस वेगाच्या दोन्ही बाजूंना २० टक्के स्लिपपर्यंत (स्लिप म्हणजे सिंक्रोनस वेगापासूनचा फरक), टॉर्क आणि रिॲक्टिव्ह पॉवर यांचे नियंत्रण समाधानकारक होते.

अडचण येते ती ग्रिडचे व्होल्टेज एकदम निम्म्यावर आणल्यावर. रोटरचा करंट मर्यादा ओलांडतो आणि संरक्षण यंत्रणा कन्व्हर्टर बंद करते. स्टेटरच्या पॉवरमध्ये तेव्हा ५० हर्ट्झची लहर दिसते. तीन फेजमधील असमतोल हे कारण असते, तर ती १०० हर्ट्झची दिसली असती; त्यामुळे स्टेटरमध्ये अडकून राहिलेला, न फिरणारा फ्लक्सच (चुंबकीय प्रवाह) याला कारणीभूत आहे, असे मी धरतो.

सर्वसाधारण स्थितीत रोटरमधील व्होल्टेज स्लिपच्या प्रमाणात, म्हणजे ०.२ पर युनिट (रेटेड मूल्याच्या पटीत) असते. व्होल्टेज निम्मे होताच ०.५ पर युनिट इतका फ्लक्स स्थिर उरतो आणि १८०० फेऱ्यांनी फिरणारा रोटर त्याला १.२ पट वेगाने छेदतो. त्यातून ०.६ आणि उरलेल्या फिरत्या फ्लक्समुळे ०.१, असे कमाल ०.७ पर युनिट व्होल्टेज रोटरमध्ये निर्माण होते, म्हणजे नेहमीच्या साडेतीन पट. १२०० फेऱ्यांवर हाच आकडा ०.५ येतो आणि त्या वेगाला त्रास खरोखरच कमी होतो. आमचा कन्व्हर्टर ०.३ पर युनिटच्या आसपासच व्होल्टेज देऊ शकत असल्यामुळे पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) नियंत्रकाचे गेन कितीही बदलले तरी हा प्रश्न सुटणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

क्रोबार, म्हणजे रोटरची टोके रेझिस्टन्समधून जोडून कन्व्हर्टर वाचवणारे सर्किट, लावता येईल. परंतु तो लागलेला असेपर्यंत जनरेटरवर आपले नियंत्रण राहत नाही आणि ग्रिडला रिॲक्टिव्ह पॉवरची सर्वाधिक गरज असताना यंत्र उलट ती ओढून घेते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणीविषयक नियमांत व्होल्टेज नेहमीच्या १५ टक्क्यांवर आले तरी ३०० मिलिसेकंद पवनचक्कीने ग्रिड सोडू नये अशी अपेक्षा आहे. केवळ क्रोबारवर विसंबून ग्रिडला आधार देण्याचा त्यामागचा हेतू साधेल, असे मला वाटत नाही.

म्हणून स्थिर फ्लक्सच्या विरुद्ध दिशेने रोटरमध्ये करंट सोडण्याची पद्धत वापरायची आहे, आणि गाडे इथेच अडले आहे. स्टेटरच्या व्होल्टेजचे इंटिग्रेशन करून फ्लक्स काढला, तर सेन्सरच्या सूक्ष्म ऑफसेटमुळे उत्तर सरकत जाते. ते रोखण्यासाठी फिल्टर लावला, तर जो स्थिर फ्लक्स मोजायचा आहे तोच पुसला जातो. करंटवरून फ्लक्स काढावा, तर सॅच्युरेशनमुळे मॅग्नेटायझिंग इंडक्टन्सचा भरवसा नाही. अशा वेळी कोणत्या पद्धतीवर विश्वास ठेवावा? तसेच, क्रोबार शेवटचा उपाय म्हणून ठेवायचा झाल्यास त्याचा रेझिस्टन्स कसा ठरवावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष यंत्रावर केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपले निदान मला योग्य वाटते. फ्लक्स करंटवरूनच काढावा. त्यात इंटिग्रेशन नसल्यामुळे स्थिर भाग हरवत नाही, आणि इंडक्टन्समधील चूक मुख्यतः फ्लक्सच्या आकारात उतरते, दिशेत फारशी नाही. आपल्याला दिशा अचूक हवी आहे, कारण करंटचा आकार शेवटी कन्व्हर्टरची मर्यादाच ठरवणार आहे. मात्र दिशा एन्कोडरच्या (रोटरचा कोन मोजणाऱ्या सेन्सरच्या) कोनावर अवलंबून असल्याने त्याचा ऑफसेट आधी काटेकोर तपासावा. ग्रिडच्या त्या क्षणीच्या व्होल्टेजवरून फिरता फ्लक्स काढून तो एकूण फ्लक्समधून वजा केला की स्थिर फ्लक्स उरतो. नियंत्रणाचे अक्ष फ्लक्सऐवजी ग्रिडच्या व्होल्टेजवर, पीएलएलने (ग्रिडच्या व्होल्टेजच्या कोनाचा मागोवा घेणाऱ्या फेज लॉक्ड लूपने) बांधावेत, कारण अशा वेळी फ्लक्सचा कोनच डगमगतो.

अपेक्षा मात्र मर्यादित ठेवावी. रोटरचा लीकेज इंडक्टन्स ०.२ पर युनिट धरला, तर पूर्ण करंट विरुद्ध दिशेने सोडूनही १८०० फेऱ्यांवर सुमारे ०.२४ पर युनिट व्होल्टेजच सावरते. म्हणजे आपल्या ०.७ पैकी ०.४६ उरते आणि ते कन्व्हर्टरच्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळे सुरुवातीच्या काही आवर्तनांपुरता क्रोबार लावून, फ्लक्स थोडा ओसरल्यावर ही पद्धत सुरू करावी. तोपर्यंत टॉर्कची मागणी शून्यावर ठेवावी.

क्रोबारचा रेझिस्टन्स करंट आवरेल इतका मोठा हवा. पण त्यावरील व्होल्टेज डीसी लिंकपेक्षा अधिक झाल्यास कन्व्हर्टरच्या डायोडमधून लिंक चार्ज होऊ लागते, हीच त्याची वरची मर्यादा आहे. लहान यंत्रात स्टेटरचा रेझिस्टन्स तुलनेने जास्त असल्यामुळे स्थिर फ्लक्स लवकर विरतो. मेगावॅटच्या यंत्रात तो बराच अधिक काळ टिकतो. क्रोबार किती वेळ लावायचा, याचा आपल्या प्रयोगातून आलेला आकडा मोठ्या यंत्राला जसाच्या तसा लावू नये.