मदत हवी आहे: रात्रीच्या भाताने मुलांना उलट्या झाल्या, माझं नक्की कुठे चुकलं?

डबेवाली_ताई

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात घरून डबे देते. सकाळचे ४०, संध्याकाळचे २५-३०. बहुतेक बाहेरगावहून शिकायला आलेली मुलं. ९ वर्षांत पहिल्यांदाच गेल्या मंगळवारी माझ्या हातचं खाऊन मुलं आजारी पडली. तेव्हापासून मला झोप नाही.

झालं असं की सोमवारी रात्री भात उरला, साधारण ४ किलो. टाकायला जीव होईना. पातेल्यावर ताट झाकून ओट्यावरच ठेवला. सकाळी त्याचा फोडणीचा भात केला, चांगला वाफा येईपर्यंत परतला. आठ वाजता ६ मुलांनी नाश्त्याला खाल्ला आणि साडेदहाच्या आत चौघांना उलट्या सुरू झाल्या. ताप नाही, एकालाच थोडे जुलाब. डॉक्टरांनी अन्नातून विषबाधा असं सांगितलं. रात्रीपर्यंत चौघेही सावरले, देवाची कृपा.

भात आंबला नव्हता हो. मी वास घेतला, चव घेतली, तार सुटली नव्हती. एकच गोष्ट आठवते. उलथनं खालपर्यंत घातलं तेव्हा वरचा भात गार होता, पण मधला हाताला कोमट लागला, आणि ताटाला आतून पाणी सुटलं होतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

भात उकळताना जंतू मरतात ना? मग हे आले कुठून? पुन्हा एवढा परतला तरी उरले कसे? जंतूंना वाढायला काय काय लागतं ते मला मुळापासून समजून घ्यायचंय. नुसतं ‘फ्रिजमध्ये ठेवा’ म्हणू नका. फ्रिज घरगुती आहे, मोठं पातेलं त्यात मावत नाही.

परीक्षानळी

ताई, मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण भात आणि दोन-अडीच तासांत उलट्या म्हटलं की आमचा पहिला संशय बॅसिलस सेरियस या जिवाणूवर जातो.

हा मातीतला जिवाणू, तांदळाबरोबर घरात येतो. कोरड्या तांदळात त्याचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे कडक कवचात झोपलेला जिवाणू. भात शिजताना जागे जिवाणू मरतात, पण बीजाणू टिकतात. उलट त्या उष्णतेनेच ते जागे होतात. मग भात कोमट झाला की त्यांना रान मोकळं. बरोबरीचे बाकीचे जिवाणू तर तुम्ही शिजवतानाच मारलेले असतात.

आता त्यांना काय लागतं ते. पाणी हवं. पोत्यातला तांदूळ वर्षभर टिकतो, तोच शिजला की दुसऱ्या दिवशी जातो, फरक पाण्याचाच. पापड, सांडगे टिकतात ते याचमुळे. लोणच्यात आणि पाकात पाणी असतं, पण मीठ-साखर ते धरून ठेवते, जिवाणूंच्या हाती लागू देत नाही. खायला हवं, ते भातात भरपूर. आंबटपणा मात्र बहुतेकांना सोसत नाही. सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली गेला की रोग करणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. भाताचा सामू ६ ते ७, म्हणजे अडवणारं काहीच नाही.

आणि ऊब. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा, त्यातही ३० ते ४५ ला वाढ सर्वांत जोरात. तुम्ही दही कसं लावता ते आठवा. दूध कोमट करायचं, विरजण घालायचं, झाकून रात्रभर हलवायचं नाही. ताई, त्या रात्री भाताला नेमकी हीच ऊब मिळाली. दह्यात आपण निवडलेलं विरजण असतं, भातात मातीतून आलेलं होतं.

राहिला वेळ. सगळं मनासारखं मिळालं तर काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे ७ तासांत २० लाखांवर जातात.

परतून उपयोग का झाला नाही? कारण उलट्या जिवाणूमुळे नाही, त्याने भातात सोडलेल्या विषामुळे होतात. त्या विषाला ना वास ना चव, आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. तुमच्या नाकाची किंवा जिभेची यात चूक नाही.

पंगत

वर नीट सांगितलंय, मी फक्त हाताची कामं सांगतो. २० वर्षं लग्नाची जेवणं करतोय. भात उरला की पातेल्यात ठेवायचाच नाही. स्वच्छ पराती घ्या, दोन बोटांपेक्षा कमी थर पसरा, पंख्याखाली ठेवा. गार झाला की चपट्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये. उतरवल्यापासून २ तासांच्या आत हे सगळं उरकलं पाहिजे. एवढी जागा नसेल तर भात कमीच लावा, पुरला नाही तर दुसरा कुकर लावता येतो. आणि टोचायचा थर्मामीटर घ्या, हाताच्या अंदाजावर राहू नका.

डबेवाली_ताई

दोघांचेही मनापासून आभार. दह्याचं वाचलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. मी मुलांना काय खायला घातलं ते आत्ता समजलं.

आणखी एक. संध्याकाळची मटकीची उसळ मी दुपारी एकलाच करून ठेवते, १२ लिटरच्या पातेल्यात. परातीत कशी पसरू?

परीक्षानळी

उसळीत, रश्श्यात भीती आणखी एका जिवाणूची, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याचेही बीजाणू उकळून टिकतात, आणि त्याला प्राणवायू नकोच असतो. उकळताना पातेल्यातली हवा निघून जाते, म्हणून तळाशी त्याला हवं तसं घर मिळतं. ४५ अंशांच्या आसपास तो जवळपास १० मिनिटांत दुप्पट होतो. एक दिलासा आहे, पानात वाढायच्या आधी अन्न ७५ अंशांपर्यंत नीट तापवलं तर याचे जागे झालेले जिवाणू मरतात.

तुमच्यासाठी सर्वांत सोपं म्हणजे मटकी आधीच उकडून किंवा मसाला आधीच करून ठेवायचा नाही, उसळ साडेपाचलाच फोडणीला टाकायची. आधी करणं भाग असेल तर ३-४ पसरट भांड्यांत वाटून ती बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि ढवळत राहा. नाहीतर पूर्ण वेळ ६० च्या वर गरम ठेवा. मधलं कोमट नको.

पंगत

मुलांना एक निरोपही द्या. सकाळच्या डब्यातलं अर्धं रात्रीसाठी ठेवतात, खोलीवर फ्रिज नसतो.

डबेवाली_ताई

दहा दिवसांनी लिहितेय. थर्मामीटर आणला. पहिल्याच दिवशी उसळ पूर्वीसारखीच झाकून ठेवली, मुद्दाम, बघायला. एकला उतरवलेली, पाच वाजता मध्ये टोचला तर ५२. आणखी तासाभरात ती डब्यांत गेली असती, तेव्हा ४५ च्या जवळच. आता उसळ साडेपाचला होते, भावजय मदतीला येते. रात्रीचा भात मोजून लावते, उरलेला परातीत.

चौघांच्या घरी मी स्वतः फोन केले, काय झालं आणि का झालं ते सांगितलं. तिघांनी डबा चालू ठेवलाय. चौथ्याच्या आईने महिनाभर थांबते म्हटलंय.

निरोपही सगळ्यांना पाठवला: डबा हातात आल्यापासून २ तासांत संपवा, रात्रीसाठी ठेवू नका, भूक कमी असेल तर आधी कळवा, अर्धा डबा देईन.

आता इडलीच्या पिठाचं विचारायचंय, ते तर रात्रभर बाहेरच ठेवावं लागतं. ते आंबून आंबट होतं म्हणून सुरक्षित, हे मला बरोबर समजलंय का? आणि थंडीत पीठ फुगत नाही, तेव्हा ते अर्धवट आंबलेलं वापरलं तर चालतं का?