जहाजबांधणी कंपनीची वर्षाची प्रगती कशी मोजावी? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मिरकरवाडा बंदरात काकांची लाकडी होडी बांधली जात असताना, कणा बसला की एक हप्ता आणि फळ्या चढल्या की दुसरा, असा व्यवहार मी लहानपणी पाहिला आहे. सध्या माझगाव डॉक या मुंबईतील जहाजबांधणी कंपनीचा वार्षिक अहवाल वाचत आहे. ‘सुरत’ व ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वाघशीर’ पाणबुडी १५ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या, तरी त्यांचे उत्पन्न बांधणी चालू असतानाच टप्प्याटप्प्याने हिशेबात धरले गेले, एवढे उमगले. (काकांचा हिशेब सोपा होता!) मग संरक्षणाची वर्षानुवर्षे चालणारी कामे आणि व्यापारी जहाजांची तुलनेने लवकर संपणारी कामे एकत्र असताना, उलाढाल पाहावी की हाती शिल्लक असलेल्या, अजून पूर्ण न झालेल्या कामांच्या मागण्या (ऑर्डर्स)? लेखापाल मंडळींनी कृपया समजावून सांगावे.